बरं, मग? अकरावीत असताना कॉलेजचा पहिला रायटिंग कोर्स

इंग्लिश १०१ मधला माझा पहिला पेपर, म्हणजे निबंध, परत आला तेव्हा त्यावर १०० पैकी ६८ होते, आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या बाजूला प्रोफेसरांनी दोनच शब्द लिहिले होते: ‘सो व्हॉट?’ मी तेव्हा अमेरिकेत हायस्कूलच्या अकरावीत होते आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) जात होते. आई पार्किंगमध्ये थांबलेली असायची. त्या दिवशी गाडीत बसले ती घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, बाई चिडल्यात माझ्यावर. रात्री जेवताना आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, “अगं, ‘बरं, मग?’ असं विचारतायत त्या. तू काहीतरी सांगितलंस, त्यांनी ऐकलं, आता पुढचं सांग म्हणतायत. सांग की.”

मला हे सुचलंच नव्हतं. त्यानंतर पूर्ण सेमिस्टर मी प्रत्येक परिच्छेदाखाली पेन्सिलीने ‘बरं, मग?’ लिहायचे आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढचा परिच्छेद सुरू करायचे नाही.

आता मी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला आहे आणि इथल्या रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर म्हणून काम करते. ड्युअल एनरोलमेंटवर, म्हणजे हायस्कूल चालू असतानाच कॉलेजचा कोर्स घ्यायला, येणारी मुलं आमच्याकडेही असतात. सप्टेंबरच्या शेवटी, पहिला पेपर परत आला की ती येतात. भीती तीच, अडायच्या जागाही त्याच. हे त्यांच्यासाठी लिहितेय. विशेषतः माझ्यासारखी जी सातवी-आठवीत भारतातून इकडे आली, ज्यांना इंग्रजी चांगलं येतं पण डोकं अजून मराठीत चालतं. आणि पार्किंगमध्ये थांबणाऱ्या आईबाबांसाठीही.

नाव घालण्याआधी

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट (पदवीत मोजले जाणारे श्रेयांक) घेण्याची सोय नवी नाही. मिनेसोटाने १९८५ मध्ये राज्यभर ती सुरू केली, वॉशिंग्टन राज्यात ‘रनिंग स्टार्ट’ १९९० च्या कायद्याने आलं, ओहायोत २०१५ पासून ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ आहे. नावं वेगळी, नियमही वेगळे. कुठे ट्यूशन माफ असते पण पुस्तकं आणि फी आपल्याला भरावी लागते, कुठे सगळंच स्कूल डिस्ट्रिक्ट भरतो. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मावसबहिणीचा अनुभव ऐक, पण नियम मात्र आपल्या हायस्कूलच्या कौन्सेलरकडून घे.

कौन्सेलरला दोन गोष्टी विचारच. एक, हा कोर्स हायस्कूलच्या इंग्लिशच्या जागी धरणार का? दुसरी, तुला ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय ती हे क्रेडिट घेते का? राज्याची सरकारी विद्यापीठं बहुधा घेतात, पण बऱ्याच खाजगी कॉलेजांचे स्वतःचे नियम असतात.

मग वेळ. सेमिस्टर पद्धतीत हा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा, म्हणजे आठवड्याला ३ तास वर्ग. इकडचा सर्वसाधारण हिशेब असा की वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास काम. झाले आठवड्याचे ९ तास, सलग १५-१६ आठवडे. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात तेच काम दहा-अकरा आठवड्यांत बसवलेलं असतं, त्यामुळे तिथे वेग आणखी जास्त. हे ९ तास तुझ्या आठवड्यात कुठे बसणार ते आधी कागदावर मांड. मार्चिंग बँड, दोन एपी (हायस्कूलमधलेच कॉलेजच्या पातळीचे कोर्स) आणि हे, असं तिन्ही घेतलेली मुलं माझ्याकडे ऑक्टोबरमध्ये जागरणाने लाल झालेले डोळे घेऊन येतात. मला त्यांची काळजी वाटते, आणि तेव्हा फार काही करता येत नाही.

कोर्स ऑनलाइन घ्यायचा की कॉलेजात जाऊन? पहिलाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जाऊन घे. ऑनलाइन कोर्समध्ये ठरलेल्या वेळी वर्गच नसेल तर आठवण करून द्यायलाही कोणी नसतं. आणि लिहायला शिकताना समोर बसलेला माणूस आपलं वाचून कुठे गोंधळतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. ते पडद्यावर दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लोक सहज बोलून जातात, पण ती गंभीर आहे. हा ग्रेड कायमचा असतो. पुढे कॉलेजला अर्ज करताना ही ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे ग्रेडची अधिकृत नोंद, द्यावी लागते. मेडिकल स्कूलला जाणाऱ्यांना तर हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेज कोर्सचीही ट्रान्सक्रिप्ट मागतात. घाबरवायला सांगत नाहीये. ‘करून तर बघू’ एवढ्याच तयारीवर नाव घालू नकोस, इतकंच.

सिलॅबस आणि दोन कॅलेंडरं

हायस्कूलमध्ये सिलॅबस म्हणजे आईबाबांची सही घ्यायचा कागद. इथे तो करार असतो. पहिल्याच दिवशी प्रिंट काढ आणि पेन घेऊन बस. उशिरा दिलेल्या कामाचं काय होतं? किती गैरहजेऱ्या चालतात? पेपर सुधारून परत देता येतो का? एआयबद्दल काय लिहिलंय? या चार ओळी शोधून अधोरेखित कर. एक्स्ट्रा क्रेडिटबद्दल लिहिलेलं नसेल तर ते नाही असं समज. डिसेंबरात जाऊन मागू नकोस.

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या वेबसाइटवरून ॲकॅडमिक कॅलेंडर काढ. त्यात दोन वेगवेगळ्या तारखा असतात. पहिल्या तारखेपर्यंत कोर्स सोडला तर तो नोंदीत राहतच नाही. दुसरी त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी येते, तोपर्यंत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) येतो. दुसरीही तारीख गेली की जो ग्रेड मिळेल तो मिळेल. डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे, आणि एखाद्या डब्ल्यूने आयुष्याचं काही बिघडत नाही. पण कोर्स सोडण्याआधी हायस्कूलच्या कौन्सेलरशी बोललंच पाहिजे, कारण ग्रॅज्युएशनला लागणारं इंग्लिशचं क्रेडिट त्यात अडकलेलं असू शकतं. वर्गात जायचं थांबवलं म्हणजे नाव आपोआप कमी झालं, असं अजिबात समजू नकोस. त्याचा एफ होतो.

आता हायस्कूलचं कॅलेंडर आणि कॉलेजचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेव. सुट्ट्या जुळत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही हायस्कूलच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये काकांकडे गेलो. कॉलेजला तेव्हा सुट्टी नव्हती, आणि त्या मंगळवारी नेमका पीअर रिव्ह्यू (एकमेकांचे ड्राफ्ट वाचून मत सांगायचा वर्ग) होता. त्या एका दिवसाचे गुण गेले, पण मला जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या गटातल्या दोघी माझा ड्राफ्ट वाचायला तयारीने आल्या होत्या आणि मी तिथे नव्हते. तेव्हापासून फ्रिजवर एकच मोठं कॅलेंडर असतं, दोन रंगांत.

प्रोफेसरांशी कसं बोलायचं

‘सर’ किंवा ‘मॅम’ म्हणायची सवय आपल्याला असते. त्यात वाईट काही नाही, पण इकडे ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव, हे सगळ्यात सुरक्षित. त्यांनी स्वतःहून दुसरं काही म्हणायला सांगितलं तर ते. ईमेलमध्ये विषयाच्या जागी कोर्सचा नंबर आणि सेक्शन लिही, कारण त्या एकाच कोर्सचे चार सेक्शन शिकवत असू शकतात. हायस्कूलचा नाही, कॉलेजचा ईमेल वापर. चार ओळी पुरतात: मी कोण, काय अडलं, मी स्वतः काय करून पाहिलं, काय हवंय.

ऑफिस अवर्सची मला सगळ्यात जास्त भीती वाटायची. आपल्याकडे ऑफिसात बोलावणं म्हणजे काहीतरी चुकलंय. इथे तसं नाही. ती वेळ तुझ्यासाठीच राखून ठेवलेली असते, आणि बऱ्याचदा त्या वेळात प्रोफेसर रिकाम्या खोलीत कोणाची तरी वाट बघत बसलेल्या असतात. ६८ मिळाल्यावर पुढच्या गुरुवारी मी गेले. विषय होता हायस्कूल सकाळी उशिरा सुरू करावं का. मी गेल्या गेल्या सांगायला लागले की झोप किती महत्त्वाची आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “शाळा उशिरा केली तर त्रास कोणाला होईल?” मी म्हटलं, “माझ्या भावाला. आम्हाला सोडून तीच बस एलिमेंटरीच्या मुलांना आणायला जाते. आमची उशिरा झाली तर त्यांची लवकर करावी लागेल.” त्या म्हणाल्या, “हे तुझ्या पेपरात कुठे आहे?”

कुठेच नव्हतं. मला ते निबंधात लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं.

ऑफिस अवर्सला जाताना पेपरची प्रत आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा. ‘माझा पेपर बरा आहे का?’ याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. ‘हा तिसरा परिच्छेद माझ्या मुख्य मुद्द्याला धरून आहे का?’ याचं देता येतं.

विषय आणि म्हणणं यातलं अंतर

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

आपण शाळेत निबंध लिहिले ते विषयावर. प्रस्तावना, मुद्दे, उपसंहार. हायस्कूलमध्ये इकडे पाच परिच्छेदांचा निबंध शिकवतात, तोही तसाच: सुरुवात, तीन कारणं, शेवट. ती शिस्त वाया गेली नाही, तिने आपल्याला नीट क्रमाने सांगायला शिकवलं. पण त्या साच्यात म्हणणं नसलं तरी निबंध पूर्ण होतो. इथली अडचण तीच आहे. कॉलेजच्या कोर्समध्ये आधी विचारतात, तुझं म्हणणं काय. परिच्छेद किती, ते त्या म्हणण्याला लागतील तितके.

माझ्याच त्या पेपरचं उदाहरण घे. पहिल्या ड्राफ्टमधला थीसिस, म्हणजे मुख्य म्हणणं, असा होता: विद्यार्थ्यांसाठी झोप महत्त्वाची आहे, म्हणून शाळा उशिरा सुरू व्हावी. कोणी याला नाही म्हणेल? कोणीच नाही. ज्याला कोणी नाही म्हणू शकत नाही, तो थीसिस नसतो.

दुसऱ्या ड्राफ्टमध्ये मी लायब्ररीत जाऊन माहिती आणली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१४ मध्ये सांगितलं की मिडल आणि हायस्कूल सकाळी ८:३० च्या आधी सुरू होऊ नयेत. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कूल ८:३० च्या आधी भरवता येत नाहीत. मग थीसिस झाला: तज्ज्ञ सांगतात आणि एका राज्याने केलंय, तेव्हा आमच्या राज्यानेही करावं. आता माहिती होती, तारखा होत्या, पण म्हणणं दुसऱ्यांचं होतं. मी फक्त निरोप पोचवत होते.

तिसरा ड्राफ्ट बसवरून सुरू झाला. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये त्याच बस आधी हायस्कूलच्या आणि मग एलिमेंटरीच्या मुलांना आणतात. म्हणून हायस्कूल उशिरा करा ही मागणी, बसचा हिशेब न मांडता केली, तर ती लहान मुलांना हिवाळ्यात अंधारात स्टॉपवर उभं करण्याची मागणी ठरते. आणि आम्हा मोठ्या मुलांना झोप हवी असेल तर हा हिशेब आम्हीच आधी मांडायला हवा. हे वाचून कोणी म्हणू शकतं, ‘नाही, जास्त बस घ्या.’ कोणी म्हणेल, ‘मिडल स्कूलची वेळ मध्ये घाला.’ वाद घालता येतो. ‘बरं, मग?’ विचारलं तर माझ्याकडे पुढचं उत्तर होतं. तारखा त्याच, २०१४ आणि २०२२, पण आता त्या माझ्या म्हणण्यासाठी काम करत होत्या.

तुझ्याकडेही अशी बस असते. तू रोज बघतोस म्हणून ती तुला साधी वाटते. जेवणाच्या सुट्टीतली रांग, दुकानात काम करताना दिसणारं काहीतरी, आजीला फॉर्म भरून देताना कळलेलं काहीतरी. लिहायला बसण्याआधी त्यावर विचार कर.

असाइनमेंटची क्रियापदंही नीट वाच. ‘समराइझ’ म्हणजे सारांश. त्यात तुझं मत नको. ‘ॲनलाइझ’ म्हणजे लेखकाने हे कसं केलं ते उलगडून दाखव. लेखक बरोबर की चूक हा प्रश्न तिथे नसतो. पहिल्या किंवा दुसऱ्या पेपरला बहुतेक रेटॉरिकल ॲनॅलिसिस (लेखक वाचकाला कसं पटवतो ते उलगडणं) असतो आणि ॲरिस्टॉटलचे इथॉस, पॅथॉस, लोगॉस हे शब्द येतात: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना, आणि युक्तिवाद. मुलं हे तीन शब्द घेऊन लेखात त्यांचे नमुने मोजायला लागतात. मोजणी नको. या वाचकापुढे लेखकाने हेच का वापरलं, ते सांग.

पहिला परिच्छेद शेवटी लिही. ‘मानवाच्या इतिहासात अनादी काळापासून’ या चालीची वाक्यं आपल्या हातून फार सहज येतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातल्या सहा-सात पेपरांत खरी सुरुवात दुसऱ्या परिच्छेदात असते. पहिला झाकून वाचून बघ. काही अडलं नाही तर तो काढून टाक.

दुसऱ्याचे शब्द

याबद्दल मला हळुवारपणे पण स्पष्ट बोलायचंय, कारण इथे चांगल्या, प्रामाणिक मुलांचं नुकसान होतं.

आपल्याला लहानपणी छान वाक्यं पाठ करून निबंधात घालायला शिकवलं, आणि त्यासाठी शाबासकी मिळाली. गाइडमधला परिच्छेद जसाच्या तसा लिहिणारा मुलगा हुशार ठरायचा. इकडे तेच केलं तर त्याला प्लेजरिझम म्हणतात, आणि त्याची शिक्षा शून्य गुणांपासून कोर्समध्ये नापास होण्यापर्यंत असू शकते. वाक्यातले चार शब्द बदलून बाकीची रचना तशीच ठेवणं, तळाशी स्रोत दिला तरी, चालत नाही. आणि हे ऐकून मुलांना धक्का बसतो: हायस्कूलमध्ये दिलेला स्वतःचाच पेपर इथे परत देणं, हेही बहुतेक ठिकाणी न विचारता करता येत नाही.

मी वापरते ती पद्धत सांगते. लेखाचा परिच्छेद वाच. टॅब बंद कर. घरात जो असेल त्याला मराठीत सांग, आजीला फोनवर सांगितलंस तरी चालेल. मग तू जे बोललास ते इंग्रजीत लिही आणि कंसात लेखकाचं नाव घाल. मराठीत सांगताना लेखकाची इंग्रजी वाक्यरचना सोबत येऊच शकत नाही, आणि तुला जे कळलं नसेल ते सांगताना लगेच अडखळशील. दोन भाषा येतात त्यांच्याकडे हे हत्यार आधीच आहे. वापर.

स्रोत गुगलवर शोधायला हरकत नाही, पण लायब्ररीच्या डेटाबेसपर्यंत जा. तुझ्याकडे कॉलेजचं लॉगिन आहे, तिथले लेख नाहीतर पैसे देऊन वाचायला लागतात. लायब्रेरियनकडे अर्धा तास माग. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझा शोध ‘स्कूल’, ‘स्लीप’ या शब्दांवरून हलवून ‘स्कूल स्टार्ट टाइम’ आणि ‘ट्रान्सपोर्टेशन’ वर आणला, आणि दहा मिनिटांत जे सापडलं ते मला दोन रात्रीत सापडलं नव्हतं. सायटेशनच्या, म्हणजे स्रोत नोंदवायच्या, दोन पद्धती नेहमीच्या: एमएलए असेल तर २०२१ ची नववी आवृत्ती, एपीए असेल तर २०१९ ची सातवी. कोणती ते सिलॅबसमध्ये असतं. एखादं वाक्य जसंच्या तसं उद्धृत केलं तर ते कोण म्हणतंय हे आधी सांग, आणि नंतर त्यातून तुला काय दाखवायचंय ते लिही. उद्धरणावर परिच्छेद संपवू नकोस; तिथेच तर वाचक ‘बरं, मग?’ विचारतो.

एआयबद्दल प्रत्येक प्रोफेसरचा नियम वेगळा असतो. कोणी मुद्दे काढायला चालवून घेतं, कोणी अजिबात नाही. पूर्ण परिच्छेद मराठीत लिहून मशिनकडून भाषांतर करून घेणं चालेल का, हेही विचार; मी विचारलं होतं आणि उत्तर ‘नाही’ आलं. पेपर सुरुवातीपासून गुगल डॉक्समध्ये लिही म्हणजे व्हर्जन हिस्टरीत तुझं काम टप्प्याटप्प्याने दिसतं. कधी शंका घेतली गेली तर दाखवायला ते असू दे.

ड्राफ्ट मोडायची हिंमत

हायस्कूलमध्ये ‘रिव्हाइज’ म्हणजे स्पेलिंग आणि स्वल्पविराम. इथे म्हणजे कधीकधी अर्धा पेपर काढून टाकणं. माझ्या पहिल्या ड्राफ्टमधली फक्त अकरा वाक्यं शेवटच्या ड्राफ्टमध्ये उरली होती. मी मोजली होती. रडू आलं होतं, खरंच. पण जे काढलं ते वाया गेलं नव्हतं, त्यातून चालत मी बसपर्यंत पोचले होते.

शेरे आले की आधी फक्त वाच. दुसऱ्या दिवशी मोठे आणि बारीक असे वेगळे कर. मोठे म्हणजे म्हणणं, क्रम, पुरावा. ते झाल्याशिवाय बारीक दुरुस्त्यांना हात लावू नकोस. जो परिच्छेद जाणार आहे त्याचे स्वल्पविराम सुधारून काय उपयोग.

बारीक चुकांमध्ये आपल्या मराठी मुलांचा एक ठरलेला संच असतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ‘अ’ आणि ‘द’ गळतात किंवा नको तिथे येतात. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन वाक्याच्या शेवटी बसतो. ‘डिस्कस’ च्या पुढे ‘अबाउट’ येतं. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हेही आपलंच. सगळं एकदम नको. एका वाचनात फक्त आर्टिकल बघ, दुसऱ्यात फक्त ‘ओन्ली’. आणि उभं राहून मोठ्याने वाच. जीभ जिथे अडते तिथे खूण कर. रायटिंग सेंटरमध्ये आम्ही पेपर दुरुस्त करून देत नाही, चूक कुठल्या प्रकारची आहे ते दाखवतो. डेडलाइनच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी ये. म्हणणं अजून कच्चं असेल तेव्हा आलास तर आम्हाला सगळ्यात जास्त मदत करता येते.

पीअर रिव्ह्यूमध्ये माझ्या गटात एक नर्सिंग असिस्टंट होत्या, दोन मुलांची आई, आणि एक मुलगी नुकतीच हायस्कूल संपवून आलेली. मी १६ ची. पहिल्या वेळी मी सगळ्यांना ‘छान आहे’ एवढंच म्हटलं, कारण आईच्या वयाच्या बाईंच्या लेखात चूक कशी काढायची? त्यांनीच मला सांगितलं, “तू बोलली नाहीस तर माझे गुण जातील.” तेव्हापासून मी दोन गोष्टी सांगते: कुठे मला पुढे वाचावंसं वाटलं, आणि कुठे मी हरवले. वयाचा मान ठेवूनही हे सांगता येतं. आणि तुझं वय कोणी विचारलं नाही तर सांगायची गरज नाही. त्या वर्गात तू विद्यार्थी आहेस, बाकी सगळ्यांसारखा.

आईबाबांसाठी

१९७४ च्या फर्पा या, विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या, कायद्यानुसार मूल कॉलेजात शिकायला लागलं की, वय १८ च्या आत असलं तरी, कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. त्यामुळे प्रोफेसरांना तुम्ही ईमेल केलात तर बहुधा उत्तर येईल की मी यावर बोलू शकत नाही. ते उद्धटपणे केलेलं नसतं. तुम्ही मुलालाच विचारा. मुलाला हायस्कूलमध्ये आयईपी किंवा ५०४ च्या (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठीच्या) सवलती असतील तर त्या कॉलेजात आपोआप येत नाहीत. कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसात त्याने स्वतः जाऊन, कागद दाखवून मागाव्या लागतात. सेमिस्टर सुरू होण्याआधीच जायला सांगा.

आणि पेपर तुम्ही सुधारून देऊ नका. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. जेवताना विचारा, “काय म्हणणं आहे तुझं?” आणि त्याने सांगितलं की माझी आई विचारते तसं, “बरं, मग?” विचारा.

सेमिस्टर संपल्यावर

शेवटचा पेपर सबमिट झाला की लॅपटॉप बंद करण्याआधी अर्धा तास काढ. सिलॅबसची पीडीएफ, सगळ्या असाइनमेंट, शेऱ्यांसकट परत आलेले पेपर, सगळं उतरवून एका फोल्डरमध्ये ठेव, कारण काही आठवड्यांनी कोर्सचं पान बंद होतं. दोन वर्षांनी माझ्या युनिव्हर्सिटीने इंग्लिश १०१ चं क्रेडिट द्यायच्या आधी सिलॅबस मागितला. तोवर ते पान कधीच बंद झालेलं होतं. पण पहिल्या दिवशी काढलेली प्रिंट, चार ओळी अधोरेखित केलेली, घरी माझ्या जुन्या दप्तरात होती. आईने फोनवर तिचे फोटो काढून पाठवले आणि त्याच दुपारी क्रेडिट मंजूर झालं.